जठर-शस्त्रक्रियोत्तर गळती व तिचा निचरा

जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर काढून टाकल्यावर, जठराला अथवा ग्रहणीला पडलेले छिद्र शिवल्यावर, किंवा अतिलठ्ठपणावरील उपचार म्हणून जठराचे आकारमान कमी केल्यावर टाक्यांची रेषा एखाद्या ठिकाणी उकलते व आतील द्रव उदरगुहेत झिरपू लागतो. यास शस्त्रक्रियोत्तर गळती म्हणतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन यांच्या प्रतिमेवर नजर ठेवून त्वचेतून सुई व तिच्यामागून नळी साचलेल्या द्रवापर्यंत नेणे आणि पोट पुन्हा न उघडता तो बाहेर काढणे, या उपचारास प्रतिमादर्शित निचरा अशी संज्ञा आहे. उपचाराचे तंत्र आता स्थिर झालेले आहे. तो वेळेवर मिळणे ही गोष्ट मात्र रुग्ण कोठे राहतो यावर पुष्कळशी अवलंबून असते. यामुळे हिंगोली जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या संदर्भात या विषयाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

गळतीची स्थाने व कारणे : संपूर्ण जठर काढल्यावर अन्ननलिका व लघ्वांत्र यांचा जो जोड केला जातो, तो सर्वांत नाजूक समजला जातो. अन्ननलिकेला पर्युदराचे बाह्य आवरण नसल्याने तेथे टाके तितकेसे पक्के बसत नाहीत. जठराचा खालचा भाग काढल्यावर ग्रहणीचे टोक शिवून बंद करतात. ते सुटले, तर पित्त व अग्निपिंडरस यकृताखाली साचतो. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत गळती बहुधा जठराच्या वरच्या टोकाशी, प्लीहेजवळ होते. छिद्र वपेचा तुकडा लावून शिवले असता, छिद्र मोठे असल्यास किंवा रुग्ण उशिरा आलेला असल्यास टाके सुटण्याचा संभव वाढतो. जोडाला होणारा अपुरा रक्तपुरवठा, जोडावरील ताण, कुपोषण, रक्तातील प्रथिनांची उणीव, मधुमेह, धूम्रपान व शस्त्रक्रियेपूर्वीच झालेला पर्युदरशोथ ही याची प्रमुख कारणे होत. कुशल हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही गळती होऊ शकते. तिला शस्त्रवैद्याच्या दोषाचा पुरावा मानण्याची प्रवृत्ती योग्य नाही, कारण त्या भीतीपोटी निदान लांबणीवर पडते.

ऐतिहासिक : टेओडोर बिलरोट यांनी व्हिएन्ना येथे २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढला. त्यापूर्वी पेआँ (१८७९) व रिडिगियर (१८८०) यांनी केलेल्या अशाच प्रयत्नांतील रुग्ण वाचले नव्हते. १८९७ मध्ये कार्ल श्लाटर यांनी झुरिक येथे संपूर्ण जठर काढण्यात यश मिळविले. तथापि जोड सुटल्यास पोट पुन्हा उघडून रबरी नळ्या ठेवणे, एवढाच उपाय त्यानंतर अनेक दशके उपलब्ध होता. सूज आलेल्या, आतडी एकमेकांना चिकटलेल्या पोटात पुन्हा शिरणे हे मूळ शस्त्रक्रियेपेक्षाही धोक्याचे असते. नवे टाके सुजलेल्या ऊतकात धरत नाहीत व आतड्याला नवी छिद्रे पडण्याची भीती असते. या परिस्थितीत बदल घडविणाऱ्या दोन गोष्टी शस्त्रवैद्यकाच्या बाहेरून आल्या. स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश क्ष-किरणतज्ञांनी १९५३ मध्ये, सुईतून बारीक तार आत सरकवून त्या तारेवरून नळी नेण्याची युक्ती रक्तवाहिन्यांसाठी प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाची पहिली सीटी प्रतिमा घेतली गेली. खोलवर साचलेला पू नेमका कोठे आहे हे दिसू लागताच सेल्डिंगर यांची तार तेथपर्यंत नेणे शक्य झाले, आणि १९८० च्या सुमारास पोटातील विद्रधींवर हा उपचार रूढ झाला.

ओळख : गळती बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होते. पोटदुखी व पोट कडक होणे ही लक्षणे वेदनाशामकांमुळे झाकली जातात. त्यामानाने नाडी अधिक विश्वासार्ह आहे. ताप नसतानाही नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या आसपास टिकून राहिले, श्वास जलद चालू लागला, डाव्या खांद्यात दुखू लागले किंवा उचकी थांबेना, तर मध्यपटलाखाली द्रव साचल्याचा संशय घ्यावा. पूर्वी ठेवलेल्या नळीतून पित्त किंवा अन्नाचे कण आल्यास निदान उघडच असते. रुग्णाला मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग पाण्यातून पाजून तो नळीत उतरतो काय हे पाहणे, ही अगदी स्वस्त कसोटी होय. सीटी तपासणीच्या वेळी पाजावयाचा दर्शक पदार्थ पाण्यात विरघळणारा असावा. बेरियम उदरगुहेत सांडल्यास तेथेच राहून दाह निर्माण करतो.

निचऱ्याची पद्धती : रक्त गोठण्याची क्षमता आधी तपासतात व प्रतिजैव औषधे सुरू करतात. त्वचा व भोवतालचा भाग स्थानिक भूल देऊन बधिर करतात. मार्ग ठरविणे हाच या प्रक्रियेतील खरा कौशल्याचा भाग होय. आतडी, प्लीहा व मोठ्या रक्तवाहिन्या टाळून सुई न्यावी लागते. मध्यपटलाखालील विद्रधीकडे बरगड्यांमधून उंचावरून गेल्यास सुई परिफुप्फुसातून जाते व पू छातीत पसरतो. म्हणून शक्य तो बरगड्यांखालून तिरकस मार्ग निवडतात. सुई पोहोचल्यावर थोडा द्रव ओढून तो जंतुपरीक्षेसाठी पाठवितात, तार आत सोडतात, मार्ग क्रमाने रुंद करतात व तारेवरून नळी बसवितात. नळीचे आतील टोक वेटोळे होणारे असते, त्यामुळे ती सहसा निसटत नाही. तिच्या या आकारावरूनच तिला पिगटेल असे म्हणतात. नळीची जाडी फ्रेंच या एककात मोजतात व १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. पातळ द्रवाला ८ ते १० फ्रेंच नळी पुरते. घट्ट पू किंवा अन्नकण असल्यास १२ ते १४ फ्रेंच किंवा त्याहून जाड नळी लागते.

या नळीने छिद्र बुजत नाही, ही गोष्ट लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. नळीमुळे गळणाऱ्या द्रवाला बाहेर पडण्याची ठराविक वाट मिळते. पोटभर पसरू पाहणारी गळती एका मार्गापुरती सीमित होते, म्हणजेच तिचे नियंत्रित नालव्रणात रूपांतर होते. भोवतालचा संसर्ग ओसरला, छिद्राच्या पुढील मार्गात अडथळा नसला आणि शरीराला पोषण मिळत राहिले, तर छिद्र कित्येक आठवड्यांत आपोआप भरून येते. यासाठी जोडाच्या पलीकडे लघ्वांत्रात नळी ठेवून तीतून द्रवरूप आहार देतात. मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच अशी आहारनळी ठेवण्याची दूरदृष्टी पुढे फार उपयोगी पडते, कारण शिरेतून दिल्या जाणाऱ्या संपूर्ण पोषणाचा खर्च पुष्कळ असतो. ग्रहणीच्या टोकाची गळती असल्यास बाहेर पडणाऱ्या द्रवाबरोबर सोडियम व बायकार्बोनेट यांचीही हानी होते व ती मोजून भरून काढावी लागते. नळीभोवतालची त्वचा पाचक रसाने सोलवटते, म्हणून तेथे झिंक ऑक्साइडाचा लेप लावतात. नळी तुंबू नये म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा सु. १० मिलि. निर्जंतुक लवणजलाने ती धुतात. निचरा दिवसाला १०–२० मिलि.पेक्षा कमी झाला, ताप गेला व प्रतिमेत पोकळी मिटलेली दिसली म्हणजे नळी काढतात. घाईने काढल्यास विद्रधी पुन्हा साचते.

मर्यादा : पू सर्व उदरगुहेत पसरला असेल, जोडाचा बराचसा भाग सुटला असेल, आतड्याचा किंवा जठराचा भाग मृत झाला असेल अथवा रक्तदाब ढासळत असेल, तर नळीवर विसंबणे घातक ठरते. तेथे शस्त्रक्रियाच करावी लागते. काही गळतींत निचऱ्याच्या जोडीला अंतर्दर्शकातून आवृत धातुजाळी बसवितात किंवा पोकळीत स्पंज ठेवून ऋण दाब देतात. या साधनांची उपलब्धता मोठ्या केंद्रांपुरतीच आहे.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. जठराच्या कर्करोगावरील किंवा लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही सर्वसाधारणपणे मोठ्या शहरांतील बाब आहे. जिल्हा पातळीवर जठराची तातडीची शस्त्रक्रिया मुख्यतः फुटलेल्या व्रणासाठी करावी लागते. अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, तंबाखू व हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू ही अशा व्रणांची नेहमीची कारणे होत. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे या भागाला जवळचे मोठे केंद्र होय. हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

प्रतिमादर्शित प्रक्रियांत विशेष प्रशिक्षण घेतलेले तज्ञ मुख्यतः महानगरांत आढळतात. तथापि पोटाच्या भिंतीलगत असलेला, स्पष्ट दिसणारा द्रव सोनोग्राफीखाली काढणे हे सराव असलेल्या क्ष-किरणतज्ञास किंवा शस्त्रवैद्यास शक्य असते, आणि रुग्ण अत्यवस्थ असल्यास ते खाटेशीही करता येते. येथे कायद्याचा एक मुद्दा येतो. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. २०१२ मधील नियमदुरुस्तीनुसार सुवाह्य यंत्र फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद वगळता नोंदणीकृत संस्थेच्या आवारातच वापरता येते. तेव्हा दुसऱ्या गावच्या रुग्णालयातून यंत्र मागवून घेणे शक्य नसते व रुग्णालाच यंत्राकडे न्यावे लागते. खोलवरचा, आतड्यांच्या मागे असलेला द्रव सीटीखालीच काढावा लागतो.

सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील एखादा रुग्ण मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करवून सातव्या-आठव्या दिवशी गावी परततो, तेव्हा गळती प्रकट होण्याचा काळ पुरता संपलेला नसतो. अशा वेळी तो प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खाजगी वैद्याकडे जातो. तेथे तापाची गोळी देऊन दोन दिवस वाट पाहणे हेच सर्वांत हानिकारक ठरते. शिरेतून द्रव व प्रतिजैव औषध सुरू करून, तोंडाने काहीही न देता, शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत देऊन त्याच दिवशी रुग्णाला पुढे पाठवावे. यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यात उपलब्ध आहे. नळीसह घरी पाठविलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना नळी धुण्याची रीत, रोजच्या निचऱ्याची नोंद व नळी निसटल्यास त्याच दिवशी परत येण्याची निकड ही रुग्णालयातच प्रत्यक्ष करवून समजावून द्यावी लागतात. निसटलेल्या नळीचा मार्ग थोड्याच काळात आकसतो व मग सर्व प्रक्रिया नव्याने करावी लागते.