पुरुषार्थ आणि नसबंदी

शहाडच्या रेयॉन कारखान्यात पाळीवर राबणाऱ्या कामगारास मर्दपणा म्हणजे अंगबळ वाटणे स्वाभाविक आहे. नसबंदीने ते ओसरते, या गैरसमजापायी मात्र शस्त्रक्रियेचा भार पत्नीवर पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत स्त्रीने, तर अवघ्या ०.३ टक्के जोडप्यांत पुरुषाने शस्त्रक्रिया करून घेतली होती! १९७६ च्या सक्तीने पुरुष बिचकले, हेही खरेच.

वस्तुतः यात केवळ शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात. वृषणांतील संप्रेरके पूर्ववत रक्तात मिसळत राहतात. स्त्रीप्रमाणे पोटावर छेद घ्यावा लागत नाही. जागा बधिर करून थोड्या मिनिटांत काम होते. त्यानंतर तीन महिने अन्य साधन वापरावे आणि वीर्यतपासणी अवश्य करून घ्यावी.