घामाघूम घोडा पाणी का नाकारतो?

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून घोडे प्रवासी वाहतात. उन्हाच्या फेरीनंतर अंगावर फेस आलेला घोडा पुष्कळदा पाण्याला तोंडही लावत नाही. असं का होतं?

माणूस घामेजला की पाणी मागतो. आपल्या घामात पाणी जास्त, मीठ कमी. त्यामुळे रक्त खारट होतं आणि मेंदू तहानेचा इशारा देतो. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतका, किंबहुना थोडा अधिकच खारट. रस्सा आटला तर खारट होतो. वाटीभर काढून घेतला तर उरलेल्याची चव तीच राहते. घोड्याचं तसंच होतं. पाणी आणि मीठ बरोबरच जातात, रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि इशारा मिळतच नाही. कडक श्रमात तासाला 10 लिटरहून अधिक घाम जात असताना हे फार घातक आहे. म्हणूनच 160 किलोमीटरच्या घोडदौडींत वाटेत पशुवैद्य तपासतात.

उपाय मिठातच आहे. आधी किंचित खारट पाणी पाजलं की तहान जागी राहते आणि घोडा नंतर साधं पाणीही भरपूर पितो. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, ही जुनी समजूत आता सोडायला हवी.