धुऱ्यावरची पंगत

मार्गशीर्षाच्या अमावस्येला लोहा, कंधार, अहमदपूर, लातूर या पट्ट्यातली गावे ओस पडतात. घराला कुलूप आणि सगळे घरदार शेतात. ही आमची येळवस. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडव मांडले जातात. बायकांच्या डोक्यावरून आंबिलाची बिंदगी येतात. भज्जी, उंडे, धपाटे, खीर असा बेत असतो. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. जेवणे झाली की उभ्या पिकात आंबील शिंपडतात; त्याला आमच्याकडे चर शिंपणे म्हणतात. आदल्या दिवसापासून माळेगावला खंडोबाची जत्रा भरलेली असते. घोडी, गाढवे, उंट, लाल कंधारी बैल यांनी माळ फुललेला असतो. शेतातल्या अन्नाचा मालक एकटा शेतकरी नाही, त्यात देवाचा, पाहुण्याचा आणि मुक्या जिवाचाही वाटा आहे, अशी ही जुनी समजूत आहे.

अलीकडे मात्र या सणात एक अडचण येते. कोप उभी करायला कडबा शोधावा लागतो. ज्याच्या शेतात ज्वारी नाही त्याने कडबा आणायचा कोठून? ही अडचण वरवर किरकोळ वाटते. पण कडबा नाही याचा अर्थ कणीस नाही, आणि कणीस नाही याचा अर्थ त्यावर जगणाऱ्या पाखरांचे ताट रिकामे आहे.

मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतात पूर्वी एकाच रानात पाच-सहा पिके दिसत. खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर. रब्बीत शाळू, हरभरा, जवस. शाळवाच्या कडेने करडईचे पाटे असत. करडई वाढली की तिचे काटे टोचतात, त्यामुळे गुरे आत शिरत नसत. वर्षभर कोठे ना कोठे दाणा असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने हे चित्र बदलले. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, काळ्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही, आणि राखणीला माणूस मिळत नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघते आणि रोख पैसा देते. परंतु सोयाबीनचा दाणा चिमणीच्या, मुनियाच्या चोचीचा नव्हे. पीक निघाले की रान उघडे पडते. हजारो एकरांवर एकच पीक म्हणजे पाखरांच्या दृष्टीने हजारो एकरांचा उपास.

दुसरी गोष्ट धुऱ्याची. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. जुन्या धुऱ्यावर बैलगाडी जाईल एवढी रुंदी असे. त्यावर बाभळी, बोरी, निंब, एखादे आंब्याचे झाड, खाली गवत, घायपात आणि काटेरी जाळी. तितराची अंडी, सशाचे दडण, मुंगसाचे बीळ, सगळे त्या पट्ट्यात. पुढे वाटण्या झाल्या. महाराष्ट्रात 1970-71 साली सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते. 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 हेक्टरवर आले. जमीन आकसली तसा धुराही कोरला गेला. दर पेरणीला एक तास अलीकडे, एक तास पलीकडे. भावाभावांत डोकी फुटली, दावे झाले, आणि सगळ्या भांडणात निकाल लागला तो झाडांचा आणि तितरांचा.

माझ्या वाट्याला लोहा तालुक्यात साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आली. शिक्षकी पेशातून मोकळा झाल्यावर मी तिच्यात लक्ष घातले. सगळी जमीन रानाला देण्याइतका मी श्रीमंत नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. विहिरीजवळच्या बाजूला चार तासांची एक पट्टी मी वेगळी काढली. ती जेमतेम दोन गुंठे भरते. मृगात तिच्यात मूग पेरतो. मूग निघाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथेच रब्बी ज्वारी. कडेला करडई. या ताटांवर फवारणी नाही आणि कणसांना विळा नाही. पाखरांनी दाणे संपवले की मग ताटे कापायची. उरलेल्या रानात सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा, चारचौघांसारखाच.

हिशेब मांडायचा तर सोयाबीनच्या दराने या पट्टीचा तोटा हजार-दीड हजार रुपयांचा आहे. त्यातून मुगाचे चार पैसे आणि गाईला काही दिवसांचा कडबा वजा जातो. उरतो तो खर्च एखाद्या लग्नातल्या आहेराइतका. त्याच्या बदल्यात काय मिळते? होले, चिमण्या, मुनिया, सुगरणी येतात. शेजारच्या हरभऱ्यावर कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू उतरतात. हरभऱ्यात घाटेअळी पडू लागली की पक्षी थांबे लावा, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे दाणे टाकले तर उभी ताटे हेच थांबे होतात, काठ्या रोवायची गरज नाही. पाखरे सगळी अळी संपवतात असा माझा दावा नाही. पण दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्याच भरवते, हे विसरून चालत नाही. चीनमध्ये 1958 साली चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या गेल्या आणि किडी माजल्या. 1960 मध्ये नको असलेल्या जिवांच्या यादीतून चिमणीला वगळून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला.

भोरड्यांचेही तसेच. थंडीच्या दिवसांत मध्य आशियाकडून येणारे हे थवे शाळवावर उतरले की आपण गोफण फिरवतो. हाच पक्षी उन्हाळ्यात चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांवर तुटून पडतो, म्हणून तिथे त्याच्यासाठी दगडविटांची घरटी बांधून दिली आहेत. एकाच पाखराला एका मुलखात गोफण आणि दुसऱ्या मुलखात घर!

इथवर सगळे गोड आहे. खरा प्रश्न शेजारच्या मामांनी विचारला. पट्टीचे पहिले वर्ष होते. मामा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "सर, पाखरं येऊ द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या दाण्यासाठी डुकरं आले तर माझा हरभरा कोण राखणार? जागलीला मीच जायलोय की."

या प्रश्नाला भावनेचे उत्तर चालत नाही. आमच्या भागात रानडुक्कर, रोही आणि हरणांचे कळप एका रात्रीत पीक झोपवतात. माणसे थंडीत माळ्यावर बसून रात्री काढतात. कोणी तारेत वीज सोडतो आणि त्यात जनावराबरोबर माणूसही जातो. सरकार वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई देते, पण पंचनाम्याने रात्रीची झोप परत मिळत नाही. अशा ठिकाणी 'वन्यजीवांसाठी पेरा' असे सांगणाऱ्याने आधी कोणत्या जिवासाठी, ते सांगितले पाहिजे.

अमेरिकेत जमीनमालक हरणांसाठी, बदकांसाठी मुद्दाम पिकांचे तुकडे पेरतात. तिथे परवान्याने शिकार चालते आणि शिकाऱ्याकडून जमीनमालकाला पैसे मिळतात. म्हणजे हरणाने खाल्लेले पीक दुसऱ्या वाटेने वसूल होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही वाट बंद केली, आणि ते योग्यच झाले. पण म्हणूनच त्यांची नक्कल आपल्याला परवडणारी नाही. मोठ्या जनावराचे घर जंगलात आणि माळावर राखायचे. शेताच्या पंगतीचे आमंत्रण पाखरांना आणि बारीक जिवांना द्यायचे. त्यामुळे माझ्या पट्टीत मका नाही, भुईमूग नाही, रताळी नाहीत. डुकराला ओढणारी पिके हीच. पट्टी ओढ्याच्या काठी न ठेवता विहिरीजवळ, माणसांच्या आणि कुत्र्याच्या वावरात ठेवली. मामांच्या धुऱ्यापासून ती सर्वांत लांब आहे. ओढ्याकाठची वेडी बाभूळ आम्ही दोघांनी मिळून काढली, कारण डुकरे दिवसा तिच्यात दडतात. मामांची जागल संपलेली नाही, पण ती माझ्यामुळे वाढलेलीही नाही.

इंग्लंडमधली एक युक्ती मात्र आपल्याला जवळची आहे. तिथे गव्हाच्या शेतात सुमारे 4 मीटर लांब-रुंद असे तुकडे न पेरता सोडतात, हेक्टरी साधारण दोन. चंडोल तिथे उतरतो, किडे टिपतो. शेतकऱ्याला त्याबद्दल सरकारी योजनेतून मोबदला मिळतो. म्हणजे पाखरांना जागा देणे हे तिथे धर्मकार्य नसून शेतीचेच काम मानले जाते.

आता झाडांविषयी. पंगत बारमाही व्हायची तर कोणते झाड केव्हा वाढते ते पाहावे लागते. हिवाळ्यात बोरी. त्यांच्या बोरांवर पाखरे जगतात आणि पडलेली बोरे रात्री कोल्हा, खोकड वेचतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर. पानगळीच्या दिवसांत त्यांच्या फुलांतला रस साळुंकी, कोतवाल, शिंजीर पितात. पावसाच्या तोंडी निंबोळ्या. आणि वड, पिंपळ, उंबर ही तर अन्नछत्रेच. दुसरे काही नसते तेव्हाही यांतले एखादे झाड फळांनी लगडलेले सापडते. आपला राज्यपक्षी हरियाल याच फळांवर जगतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. वडपिंपळ तोडून हरियालाचे चित्र भिंतीवर लावण्यात काय अर्थ?

पण वड-उंबर धुऱ्यावर लावू नयेत. सावली आणि मुळ्या शेजाऱ्याच्या पिकात जातात आणि भांडण उभे राहते. त्यांची जागा ओढ्याकाठी, विहिरीवर, देवळापाशी, गावठाणात. धुऱ्यावर बोर, बाभूळ, सीताफळ, एखादा निंब. वाकलेल्या बाभळीची फांदी विहिरीवर येऊ द्यावी. सुगरण तिथेच घरटी टांगते. विहिरीला कठडा मात्र हवा, नाहीतर रात्री पाण्याच्या वासाने आलेला कोल्हा आत पडतो. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवावे आणि त्यात एक दगड टाकावा, म्हणजे मधमाशीही बुडत नाही.

झाडे लावण्याच्या उत्साहालाही एक मर्यादा हवी. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या पक्ष्याला उघडे गवताळ रान लागते. गवताचे राखलेले तुकडे त्याला मानवले, पण माळावर झाडांची दाट लागवड झाली तिथे त्याची जागा गेली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आपल्या भागातल्या गायरानांना आणि माळांना 'पडीक' म्हणून सरसकट खड्डे घेण्याआधी हे आठवावे. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे गवत हेसुद्धा रान आहे. लांडगा, खोकड, लावा, चंडोल यांना तेच हवे, आणि माळेगावच्या बाजारात येणाऱ्या जनावरांनाही तेच हवे.

तुकोबांना शेत राखायला बसवले आणि त्यांनी पाखरांना हाकललेच नाही, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. कथेत शेवटी धान्याची रास वाढते. आपल्या शेतात ती आपोआप वाढणार नाही. म्हणून आपल्याला तुकोबांची दया आणि वाण्याचा हिशेब दोन्ही एकत्र ठेवावे लागतात. वाटा किती द्यायचा, कोठे द्यायचा आणि त्याचा भार शेजाऱ्यावर पडत नाही ना, हे पाहून दिलेला वाटा टिकतो. नुसत्या उमाळ्याने दिलेला पुढच्या पेरणीला नांगराखाली जातो.

एकट्याच्या दोन गुंठ्यांनी मुलूख बदलत नाही, हे खरे. पण एका गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी दोन-दोन गुंठे सोडले तर ते पाच एकर होतात, आणि तेही एका कोपऱ्यात नव्हे, गावाच्या शिवारभर विखुरलेले. दोघा भावांनी एकेक तास मागे घेतला तर धुरा पुन्हा चालण्याजोगा होतो. याला निधी लागत नाही. भावाशी एकदा बोलावे लागते, आणि कोरडवाहू मुलखात विहीर खणण्यापेक्षा ते अवघड असते. परवा मामांनी माझ्याकडून शेरभर ज्वारीचे बी नेले. हरभऱ्यात टाकायला, म्हणाले. धुऱ्याबद्दल अजून बोलणे व्हायचे आहे.