स्टेशनजवळचे मजले आणि आपले घर

अमरावतीच्या माणसाला लांब पल्ल्याची गाडी पकडायची म्हणजे बहुधा बडनेरा गाठावे लागते. दीक्षाभूमीला जाणारे आपले कितीतरी बांधव दरवर्षी बडनेऱ्याच्याच फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असतात. भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे जाऊन १८६७ साली नागपूरला पोहोचला. तो बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावती शहर सुमारे दहा किलोमीटर आत राहिले. पुढे शाखा टाकून ते जोडण्यात आले. १९८३ साली अमरावती महानगरपालिका झाली, तेव्हा बडनेराही तिच्या हद्दीत आले. अशा रीतीने जुने जंक्शन एका मोठ्या शहराचे उपनगरी स्थानक बनले. अकोल्याचे तसे नाही. तेथे मुख्य मार्गावरचे स्थानक शहरातच आहे.

या दोन्ही शहरांत स्थानकाच्या आसपास आपल्या समाजाची आणि इतर कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे. हमाली, रिक्षा, चहाची गाडी, रेल्वेतील नोकरी, कॉलेजला गाडीने ये-जा करणारी मुले, या सर्वांना स्थानकाजवळची जागा सोयीची पडते. म्हणूनच सभासद बंधू-भगिनी आम्हाला विचारतात, "नागपुरात मेट्रोजवळ चारपट बांधकाम देतात म्हणे. उद्या आपल्याकडेही टॉवर येतील काय? आले तर आपण कोठे जायचे?" या प्रश्नाचे उत्तर भीतीने देऊन चालणार नाही. त्यासाठी नियम काय आहे हे समजून घेतले पाहिजे. या लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत.

एफएसआय म्हणजे काय?

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते सांगणारा आकडा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. बोलण्यात आपण त्याला एफएसआय म्हणतो. ५०० चौरस मीटरचा भूखंड आणि एफएसआय १ असेल, तर सर्व मजले मिळून ५०० चौरस मीटर बांधता येते. एफएसआय २ असेल तर १,००० आणि ४ असेल तर २,०००. जमीन तेवढीच राहते, पण तिच्यावर किती बांधता येईल हे ठरते आणि त्याबरोबर तिची किंमतही ठरते. म्हणून एफएसआय वाढविणे म्हणजे शासनाने लेखणीच्या एका फटक्याने जमिनीचे मोल वाढविणे होय.

स्थानकाजवळ तो का वाढवितात? विचार साधा आहे. रेल्वे किंवा मेट्रो बांधायला सार्वजनिक पैसा लागतो. स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरात जास्त लोक राहिले व कामाला आले, तर गाडी भरते, रस्त्यावरची वाहने कमी होतात आणि शहर शेतजमिनीत पसरत नाही. केंद्र शासनाने २०१७ साली याविषयी राष्ट्रीय धोरण काढले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटे चालण्याचे अंतर, हा त्यात प्रभावक्षेत्राचा हिशेब धरला आहे. अशा विकासाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टीओडी' म्हणतात.

आपल्या राज्यात ही कल्पना त्याही आधीची आहे. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल गेली. नवी मुंबईतील या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला आणि स्थानकांवर व भोवती कार्यालये व दुकाने उभी केली. रेल्वेमुळे जमिनीचे मोल वाढते, मग त्या वाढीतून रेल्वेचा खर्च निघावा, असे हे गणित आहे.

नागपूरचा नियम आणि आपली शहरे

नागपूर मेट्रोचा पहिला भाग २०१९ साली सुरू झाला आणि २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा पूर्ण झाला. तेथे मेट्रो मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मेट्रो कॉरिडॉर म्हणून धरला आहे. या पट्ट्यात एफएसआय जास्तीत जास्त ४ पर्यंत जाऊ शकतो. पण तो सरसकट मिळत नाही. समोरचा रस्ता किती रुंद आहे आणि भूखंड किती मोठा आहे, यावर आकडा ठरतो. वाढीव बांधकामासाठी अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरावा लागतो. अरुंद गल्लीतल्या लहान भूखंडाला चारचा आकडा मिळत नाही.

अमरावती आणि अकोल्यात मेट्रो नाही, त्यामुळे मेट्रो कॉरिडॉरचा हा नियम येथे लागत नाही. येथे लागू आहे ती २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई महानगरपालिका व काही विशेष क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर चालते. या नियमावलीत दाट गावठाणाबाहेरच्या निवासी भागात महानगरपालिका हद्दीत मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर अधिमूल्य भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडून आणलेला विकास हक्क, वापरून बांधकाम वाढविता येते. रस्ता जितका रुंद तितकी वाढ जास्त. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर ही वाढ मिळत नाही. जिने, बाल्कनी इत्यादींसाठी पूरक चटईक्षेत्राची तरतूद वेगळी आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज आपल्या शहरांत मजले ठरतात ते स्थानकापासूनच्या अंतरावर नव्हे, तर रस्त्याच्या रुंदीवर. म्हणून विकास योजनेच्या नकाशावर आपल्या घरासमोरचा रस्ता रुंद करण्याची रेघ पडली, की तिचे दोन अर्थ होतात. एक, घराचा पुढचा भाग रस्त्यात जाऊ शकतो. दुसरा, मागे उरलेल्या जमिनीचे मोल वाढते. पहिला अर्थ घरात राहणाऱ्याला लवकर समजतो. दुसरा अर्थ विकत घेणाऱ्याला आधी समजतो.

मजले वाढले म्हणजे घरे वाढली काय?

येथेच खरी गोम आहे. समजा २,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि एफएसआय ४ मिळाला. बांधकाम झाले ८,००० चौरस मीटर. जिने व इतर भाग सध्या बाजूला ठेवू. ४० चौरस मीटरची घरे बांधली तर २०० कुटुंबे राहतील. १०० चौरस मीटरची बांधली तर फक्त ८०. पूर्वी त्याच जागेवर १०० कुटुंबे दाटीने राहत असतील, तर मजले वाढूनही २० कुटुंबे कमी झाली! शिवाय मोठ्या घरांतील मंडळींकडे बहुधा स्वतःची वाहने असतात. म्हणजे गाडीने जाणारे उठले आणि मोटारीने जाणारे आले. नियमाचा हेतूच हरला.

म्हणून २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात प्रभावक्षेत्रातील परवानगीयोग्य बांधकामापैकी किमान ३० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावे, असे सांगितले आहे. पायी चालणाऱ्यांसाठी चांगले पदपथ असावेत आणि वाहनतळांवर मर्यादा असावी, असेही त्यात आहे. धोरण हे मार्गदर्शन असते. त्याला बंधनकारक रूप येते ते राज्याच्या नियमावलीत आणि शहराच्या योजनेत. म्हणून उद्या आपल्याकडे स्थानकाभोवती वाढीव एफएसआयचा प्रस्ताव आला, तर 'मजले किती' याआधी 'लहान घरे किती आणि कोणासाठी' हे विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न गाडीचा. मेट्रो काही मिनिटांनी येते. बडनेरा-अमरावती शाखेवर किंवा अकोल्याच्या फलाटावर तशी सेवा नाही. गाडी दिवसातून ठरावीक वेळीच मिळत असेल, तर स्थानकाशेजारी राहणाराही कामाला दुचाकीनेच जाईल. तेव्हा दोन्ही शहरांत आधी वारंवार सुटणारी गाडी व शहर बस, पाणी आणि गटार, मग मजले, असा क्रम असावा असे आमचे मत आहे.

दाट वस्ती वाईट नसते

काही सुशिक्षित बांधवांना दाट वस्ती म्हणजे मागासलेपण वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने परळला बांधलेल्या चाळीत बाबासाहेबांचे सुमारे दोन दशके वास्तव्य होते. गिरण्या, रेल्वे आणि शाळा जवळ असल्याने कामगाराला ती चाळ परवडत होती. पण याच ट्रस्टच्या सुधारणेत अनेक जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि पुष्कळांना नवे घर मिळाले नाही, हेही विसरता कामा नये. पोटाची जागा आणि राहण्याची जागा यांचा संबंध १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही मानला. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आपण काय करावे?

पहिले, कागद. आपल्या घराची जमीन नझूल पट्ट्याची आहे, गावठाणातील आहे, खासगी आहे की रेल्वेची, हे आधी पाहावे. आखीव पत्रिकेवर आजोबांचेच नाव राहिले असेल तर वारसनोंद करून घ्यावी. नझूल पट्ट्याची मुदत तपासावी. रेल्वेची जमीन केंद्र शासनाची असते. राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना तेथे आपोआप लागू होत नाहीत, म्हणून तेथील रहिवाशांनी राहण्याचे पुरावे जपून ठेवावेत आणि एकत्रितपणे सल्ला घ्यावा.

दुसरे, भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. पुनर्विकासात सर्वात आधी बाजूला पडतो तो तोंडी भाडेकरू. भाडे पावतीशिवाय देऊ नये.

तिसरे, हरकत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली तीस दिवसांत लेखी हरकत किंवा सूचना देता येते व पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल करायचा असला तरी सूचना मागविल्या जातात आणि त्यालाही साधारण महिन्याचीच मुदत असते. जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि दिवस निघून जातात. मुदतीनंतर काढलेल्या मोर्चापेक्षा मुदतीत दिलेला एक साधा अर्ज अधिक उपयोगी पडतो. अर्जात घर कोठे आहे, कोणती रेघ किंवा नियम अडचणीचा आहे आणि त्याऐवजी काय हवे, एवढे लिहावे. पोच घ्यावी.

हे काम आपले विद्यार्थी उत्तम करू शकतात. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहावा. निवासी क्षेत्र पिवळ्या रंगात दाखविलेले असते. आपली वस्ती, स्थानक, प्रस्तावित रस्ते आणि आरक्षणे वहीत उतरवून घ्यावीत आणि विहारात एका रविवारी सर्वांना समजावून सांगावीत. अभियांत्रिकी आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींनी दोघा-दोघांची जोडी करून एकेक वस्ती वाटून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

स्थानकाजवळ उंच इमारती झाल्या तर त्याला आमचा विरोध नाही. आज त्या स्थानकाच्या आधाराने जगणाऱ्या माणसाला त्या इमारतीत घर मिळावे, एवढीच आमची मागणी आहे. नियम होत असतानाच ती लिहून द्यावी लागेल. इमारत उभी राहिल्यावर मागून उपयोग नाही.