कूलरसमोर बसून वाचायची कादंबरी

संग्रामपुरात मे महिन्यात कूलरशिवाय दुपार निघत नाही. बाहेर वणवा पेटलेला असला तरी ओल्या गवताच्या जाळ्यांतून येणारा वारा गार लागतो. मृगाचे ढग दाटले की तोच कूलर नुसती चिकट हवा फेकतो. पारा उतरलेला असतो, पण जीव जास्त कासावीस होतो. हे ज्याने सोसलंय, त्याला किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (2020) या कादंबरीचं पहिलं प्रकरण पारखता येतं.

उत्तर प्रदेशातल्या एका गावात उष्णतेची लाट येते, वीज जाते, माणसं तळ्यात उतरतात आणि तिथेच मरतात. विज्ञानकादंबरी वाचताना आधी लेखकाचं गृहीत शोधावं. इथे ते ओल्या चिंधीत आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला की पाणी उडून जातं आणि पारा उतरतो. घाम आपल्याला असाच गार ठेवतो. हवा दमट झाली की घाम वाळत नाही. चिंधीतला पारा 35 अंशांवर गेला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं 2010 साली शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढच्या प्रयोगांत ही मर्यादा आणखी खाली निघाली. तळंही तापलेलं, मग अंगातली उष्णता जाणार कुठे? गृहीत पक्कं आहे.

मग परिणाम पाहावेत. कादंबरीतला भारत आकाशात गंधकाची धूळ फवारतो. 1991 साली पिनाटुबो ज्वालामुखीने तेच केलं होतं आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने निवली होती. हेही पटतं.

शेवटी माणसं. इथे मला कादंबरी उणी वाटते. त्या लाटेतून जिवंत वाचलेला एक अमेरिकन तरुण आपल्याला आतून कळतो, मेलेलं गाव मात्र गर्दीच राहतं. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये (1986) यंत्रमानवाला स्वतःसारखा दुसरा घडवायचा असतो, विज्ञान तिथे थेट पात्राची इच्छा होऊन येतं. ते मला मोलाचं वाटतं.

आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं खारं पाणी पन्नास वर्षांनी कसं असेल, एवढ्या एका गृहीतावर मराठीत कादंबरी उभी राहू शकते. इथल्या लिहित्या मुलामुलींनी ती लिहायला घ्यावी.