एक गिटार, दोन कान

कॅनडातल्या ‘रश’ या रॉक बँडचा गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन मंचावर इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून उभा असे आणि शेजारी एका स्टँडवर अकूस्टिक गिटार घट्ट बसवलेली असे. गाण्यातला हळुवार भाग आला, की गळ्यातली गिटार बाजूला सारून तो स्टँडवरची छेडायचा. तो भाग संपला, की पुढच्या मात्रेला पुन्हा इलेक्ट्रिक. ‘यस’ या ब्रिटिश बँडचा स्टीव्ह हाउही असाच स्टँड वापरत आला. दोघेही अव्वल वादक, पैशाला तोटा नाही, तरी ही कसरत करावीच लागे. कारण दोन्ही आवाज चांगले देईल अशी एक गिटार बनवणं वरवर वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे.

मुळात दोन्ही गिटारींचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतो. अकूस्टिक गिटारीत नुसती तार फारसा आवाज करत नाही. तिचं कंपन, तारा ज्याला अडकवलेल्या असतात त्या ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत उतरतं, स्प्रूस लाकडाची ती फळी थरथरते, पेटीतली हवा हलते आणि भरदार आवाज बाहेर पडतो. इलेक्ट्रिक गिटारीला पेटीची गरजच नाही. चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले की पिकअप होतो. त्याच्यावर पोलादी तार हलली, की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. पिकअपला लाकूड थेट ऐकू येत नाही, ऐकू येते ती तार.

आता या दोघींना एकत्र आणायचं तर पेच पडतो. पेटी पोकळ ठेवली, तर मोठ्या आवाजात अ‍ॅम्पमधून आलेला ध्वनी फळीला पुन्हा हलवतो, ते कंपन पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातं आणि फीडबॅकची घरघर सुरू होते. पेटी भरीव केली, तर अकूस्टिकचा प्राणच जातो.

गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये ‘जे-१६०ई’ काढली, तेव्हा या पेचातून मधला मार्ग शोधला. दिसायला ती अकूस्टिक, पण फिंगरबोर्डच्या टोकाला चुंबकीय पिकअप बसवलेला. फीडबॅक आटोक्यात राहावा म्हणून वरची फळी पुढे प्लायवूडची केली. साहजिकच नुसती वाजवली तर ती थोडी दबकी वाटे आणि अ‍ॅम्पला लावली तर सरळ इलेक्ट्रिकसारखी. तरीही ब्रिटिश रॉक गायक-वादक जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ मध्ये लिव्हरपूलमध्ये एकेक ‘जे-१६०ई’ घेतली. १९६४ च्या ‘आय फील फाइन’ या गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारा तो गुरगुरता स्वर याच जातीच्या गिटारीचा, लेननने मुद्दाम ठेवलेला फीडबॅक आहे. जो दोष टाळण्यासाठी प्लायवूड लावलं, त्याच दोषाचा त्याने गाण्यासाठी उपयोग करून घेतला.

खरी वाट सापडली ती वेगळ्याच शोधातून. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्येच दाखवून दिलं होतं. या पिझो स्फटिकांचा पिकअप तारा जिथे टेकतात त्या सॅडलखाली बसवला, की तारेचा दाब आणि फळीची थरथर दोन्ही पकडता येतात, आणि त्याला चुंबकही लागत नाही. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या ओव्हेशन कंपनीने आपल्या गोल पाठीच्या गिटारींत पिझो बसवला आणि गायक ग्लेन कॅम्पबेलने टीव्हीवरच्या कार्यक्रमातून त्या घरोघरी पोचवल्या. पिझोचा संकेत नाजूक असतो, त्याला प्रिअ‍ॅम्प आणि बॅटरी लागते. शिवाय जोरात छेडलं की आवाजात एक प्लास्टिकसारखा टणत्कार येतो. मुरलेल्या वादकाला तो लगेच खटकतो.

पिझो अकूस्टिक गिटारीत बसतो, तर इलेक्ट्रिकच्या ब्रिजमध्ये का नको? हा प्रश्न सर्वांत धीटपणे सोडवला तो गिटार बनवणारे केन पार्कर आणि पिकअप बनवणारे लॅरी फिशमन यांनी. १९९३ मध्ये आलेली त्यांची ‘पार्कर फ्लाय’ आजही पाहताना थक्क व्हायला होतं. हलकं लाकूड अगदी पातळ कापून त्याच्या पाठीवर कार्बन व काचेच्या तंतूंचा थर राळेने चिकटवला, म्हणून वजन सव्वादोन किलोच्या आसपास राहिलं. जड भरीव गिटारीच्या जवळजवळ निम्मं! वर चुंबकीय पिकअप, ब्रिजमध्ये पिझो आणि एका स्विचने हा, तो किंवा दोन्ही. स्टिरिओ केबल लावली, तर एक आवाज गिटारच्या अ‍ॅम्पकडे आणि दुसरा सरळ मिक्सरकडे पाठवता येई. एड्रियन बेल्यूसारख्या प्रयोगशील वादकाने ती आपलीशी केली. बाजारात मात्र तिचं रूपडं अनेकांना परकं वाटलं आणि आज ती बनत नाही. तिची कल्पना टिकली. गिटारवादक जॉन पेट्रुचीच्या म्युझिक मॅन गिटारींत ब्रिजमध्ये पिझो असतो. खुद्द लाइफसनच्या नावाच्या गिब्सन गिटारीतही तो आला.

टेलर कंपनीने २००५ मध्ये ‘टी-५’ काढताना उलटा विचार केला. पातळ पोकळ बॉडी, एक चुंबकीय पिकअप फिंगरबोर्डखाली लपवलेला, दुसरा ब्रिजजवळ उघड, आणि फळीच्या आतून तिची थरथर टिपणारा सेन्सर. पिझो अजिबात नाही.

२०१९ मध्ये फेंडरने ‘अकूस्टासॉनिक टेलिकास्टर’ आणली. तिच्यात सॅडलखाली पिझो, आत बॉडी सेन्सर आणि ब्रिजजवळ चुंबकीय पिकअप असे तिन्ही आहेत. पाच जागांचा स्विच एका टोकाला नेला की निखळ इलेक्ट्रिक. दुसऱ्या टोकाकडे गेलं की फिशमनचं इलेक्ट्रॉनिक्स पिझोच्या आवाजाला वेगवेगळ्या लाकडांच्या, वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांचा पोत देतं. मधल्या जागी बॉडी सेन्सर इतका जागा होतो, की पेटीवर बोटांनी दिलेला ठेकाही स्वच्छ ऐकू यावा. इलेक्ट्रिकला लागून असलेल्या जागी दोन्ही आवाज मिसळतात आणि ‘मॉड’ नावाची कळ फिरवून कोणाला किती वाव द्यायचा ते वादक ठरवतो.

या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ त्या मिश्रणात आहे. दोन गिटारींऐवजी एक न्यायची सोय चांगलीच, पण चुंबकीय पिकअपचा लांबणारा, किंचित फाटलेला स्वर आणि त्याच्या काठाला पिझोची टोकदार झणझण, हा आवाज स्टँडवाल्या दोन गिटारींतून एका वादकाला कधीच मिळाला नसता.

तडजोडी अजून आहेत. अकूस्टिकला शोभणाऱ्या ब्राँझच्या तारा चुंबकीय पिकअपला नीट ऐकू येत नाहीत, कारण चुंबकाला प्रतिसाद देतो तो त्यांच्या आतला पोलादी गाभा. वरचं ब्राँझचं वेटोळं त्याच्या दृष्टीने जवळजवळ नसतंच. निकेलच्या तारा लावल्या, तर अकूस्टिकची चकाकी कमी होते. प्लग काढून वाजवली, तर अकूस्टासॉनिक घरात रियाझापुरती पुरते, पण मैफलीत मोठ्या पेटीच्या गिटारीपुढे टिकत नाही. नुसत्या लाकडाच्या आवाजावर जीव असलेल्यांनी ती आधी प्लगशिवाय वाजवून पाहावी. ज्याला एकाच गाण्यात दोन्ही रंग हवेत, त्याने मात्र स्विच मिश्रणाच्या जागी ठेवूनच दुकानात गिटार ऐकावी, आणि शक्यतो एकाऐवजी दोन अ‍ॅम्प मागून घ्यावेत.