विश्लेषण : साक्षीदार कोर्टात यायला तयार नसेल तर?

चाकण एमआयडीसीचा विस्तार झाला, फोक्सवॅगन आणि महिंद्राचे कारखाने आले आणि खेड तालुक्यातील निघोजे परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आला. इसारपावती, वाटप, मृत्युपत्र यांवरून होणारे वाद राजगुरुनगरच्या न्यायालयात पोहोचतात, तेव्हा अनेकदा खरी गोष्ट तिसऱ्यालाच ठाऊक असते. समजा, इसारपावतीवर शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही आहे आणि तो म्हणतो, ‘मला कोर्टाच्या भानगडीत पाडू नका, भावकीत वाईटपणा नको.’ अशा वेळी कायदा काय सांगतो?

दाव्याशी संबंध नसलेल्याला बोलावता येते?

होय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १६ त्यासाठीच आहे. न्यायालयाने वादमुद्दे निश्चित केल्यावर १५ दिवसांच्या आत पक्षकाराने साक्षीदारांची यादी द्यायची असते. ज्याला समन्स हवे, तो कशासाठी हवा हे अर्जात लिहावे लागते. यादीत नाव राहून गेले तर सबळ कारण दाखवून परवानगी मागता येते. गरज वाटल्यास न्यायालय स्वतःहूनही त्रयस्थाला बोलावू शकते. साक्षीदार राजीखुशीने येणार असेल तर समन्सची गरज नाही.

त्याचा खाडा कोण भरून देणार?

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यासाठी हा प्रश्न मोठा. साक्षीदाराचा जाण्यायेण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च बोलावणाऱ्याने आधीच न्यायालयात भरायचा असतो. मुदत अर्जापासून सात दिवसांची. साक्षीदाराला जास्त दिवस थांबावे लागले तर न्यायालय आणखी रक्कम भरायला सांगू शकते. समन्सवर तारीख, वेळ, ठिकाण आणि कारण लिहिलेले असते. रजा मागताना तेच साहेबांना दाखवावे.

समन्स घेऊनही तो आला नाही तर?

समन्स बजावल्याची खात्री न्यायालय आधी करते. साक्ष महत्त्वाची आहे आणि गैरहजेरीला योग्य कारण नाही, असे दिसले तर हजर राहण्याचा जाहीरनामा निघतो. जामीनपात्र किंवा अजामीनपात्र वॉरंट काढण्याचा आणि मालमत्ता जप्त करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. कलम ३२ नुसार पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नंतर हजर होऊन त्याने पटण्यासारखे कारण दिले तर जप्ती उठते.

गाव सोडून गेलेल्याचे काय?

साक्षीदार न्यायालयाच्या हद्दीबाहेर, पण १०० किलोमीटरच्या आत राहत असेल तर त्याला यावे लागते. सहापैकी पाच हिस्से अंतरासाठी रेल्वे किंवा अन्य नियमित सार्वजनिक वाहन असेल, तर ही मर्यादा ५०० किलोमीटर होते. म्हणजे मुंबईला स्थायिक झालेलाही सुटत नाही. त्याहून दूर असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदारासाठी कोर्ट कमिशन नेमता येते.

फक्त कागद हवा असेल तर?

सातबारा, फेरफार यांसाठी बहुतेक वेळा तलाठ्याला बोलवायची गरज नसते, प्रमाणित प्रत चालते. बँक पक्षकार नसेल तर १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानुसार खात्याचा प्रमाणित उतारा पुरतो. विशेष कारणासाठी न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय अधिकाऱ्याला येण्याची सक्ती नाही. समन्स फक्त कागदपत्रांसाठी असेल तर ती दुसऱ्याच्या हाती पाठवली तरी चालते.

मृत्युपत्राची गोष्ट वेगळी का?

मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरी त्यावर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक तरी हयात आणि साक्ष देऊ शकणारा असेल, तर किमान एकाला तपासावेच लागते. तो टाळाटाळ करत असेल तर समन्सला पर्याय उरत नाही. त्याने सही नाकारली किंवा आठवत नाही म्हटले, तर मात्र इतर पुराव्यांनी मृत्युपत्र सिद्ध करता येते. इसारपावतीला ही अट नाही. तिथे बँकेतून दिलेले पैसे, पक्षकारांच्या सह्या यांवरही भिस्त ठेवता येते.

तो उलटा बोलला तर?

हाच खरा धोका. न्यायालय माणसाला पिंजऱ्यात आणू शकते, पण आपल्याला हवे ते बोलायला लावू शकत नाही. सरतपासणी एरवी प्रतिज्ञापत्रावर होते. मात्र समन्सने बोलावलेल्याला प्रतिज्ञापत्राची सक्ती करता येणार नाही, त्याची साक्ष न्यायालयात घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे तो काय बोलणार, हे आधी कळत नाही. तो फिरला तर न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारता येतात. शपथेवर जाणूनबुजून खोटे बोलल्यास भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून समन्सचा अर्ज करण्याआधी वकिलाशी बोलून दोन गोष्टी तपासाव्यात : ही बाब कागदाने सिद्ध होते का आणि हा साक्षीदार नेमके काय सांगू शकतो. आणि समन्स तुमच्याच हाती पडले असेल, तर ते टाळू नका. आजारपण किंवा दुसरी खरी अडचण असल्यास ती तारखेपूर्वी पुराव्यासह न्यायालयाला लेखी कळवा.